घड्या घालणारी बाई

नाटकात मला चार वाक्यं होती. त्यातली दोन नुसती 'बरं' अशी होती, तिसरं 'मालक, पाणी', आणि चौथं मी दाराआडून बोलायचे. तक्रार म्हणून सांगत नाही. एकतीस वर्षं मी हेच करत आले आहे. कधी मोलकरीण, कधी शेजारीण, कधी नर्स, आणि कुणी मेलं की रडणाऱ्या बायकांत डावीकडून दुसरी. मी तिशीत असतानाच कंपनीतल्या लोकांनी मला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि तेव्हापासून माझ्या वयाची कुणी चौकशी केलेली नाही.

नाटक दादांचं होतं. दादा म्हणजे आमचे नायक. मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तरी ते माझेही दादाच. वीस वर्षांनी घरी परत आलेल्या मुलाचं काम ते करायचे. बाप नुकताच गेलेला, त्याची रिकामी खुर्ची मधोमध, आणि त्या खुर्चीशी मुलगा अकरा मिनिटं एकटाच बोलतो. त्या अकरा मिनिटांसाठीच लोक येतात असं दादांचं मत होतं, आणि बरंचसं खरंही होतं. माणूस नट म्हणून मोठा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, म्हातारी जळते.

घर घरासारखं दिसावं म्हणून दिग्दर्शकानं मला कोपऱ्यात स्टुलावर बसवलं आणि पुढ्यात धुतलेल्या कपड्यांची टोपली ठेवली.

"मावशी, काही करायचं नाही. नुसत्या घड्या घालत बसा."

तिशीचा पोरगा, हुशार, पण आयुष्यात स्वतःच्या रुमालाची तरी घडी घातली असेल तर शपथ. काही करायचं नाही म्हणे, नुसत्या घड्या!

घड्या ही माझ्या हातची गोष्ट आहे. नाटकात येण्याआधी नऊ वर्षं मी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. दिवसाला तीनशे चादरी. तिथली मुख्य बाई मोठी कडक. तिनं शिकवलेला क्रम अजून बोटांत बसलेला आहे: आधी टॉवेल, मग उशांचे अभ्रे, मग सदरे, आणि सगळ्यात शेवटी चादरी. चादर जमिनीला टेकली की ती पुन्हा धुवायला जायची आणि आपल्याला बोलणी बसायची. म्हणून चादरीचा मध्य हनुवटीखाली धरायचा, हात लांब करायचे, टोकाला टोक जुळवायचं. एकटीच्या उंचीत मावणार नाही एवढी चादर एकटीनं घडी करायची ही युक्ती आहे, आणि ती मी नाटकातही तशीच वापरली. दुसरी मला येतच नव्हती.

टोपलीच्या तळाशी इलॅस्टिकची चादर असायची. गादीला चारी कोपऱ्यांनी गच्च बसते ती. हिची घडी कुणालाही येत नाही. घरोघरी तिचा बोळा करून कपाटात कोंबतात आणि तो बाहेर यायच्या आत दार लावून घेतात. मला येते. एका कोपऱ्यात हात घालायचा, दुसरा कोपरा त्याच्यावर उलटा चढवायचा, मग तिसरा, मग चौथा, एक झटका द्यायचा आणि तीनदा दुमडायचं. सुरीनं कापल्यासारखा चौकोन होतो.

पहिल्या प्रयोगाला दादा स्वगताच्या शेवटाशी आले होते. "मी निघालो तेव्हा तुम्ही दारापर्यंतसुद्धा आला नाहीत," असं ते खुर्चीला म्हणाले. सभागृहात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मी नेमका तेव्हा तो चौकोन गठ्ठ्यावर ठेवला. आणि तिसऱ्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "अगं बाई! कसं केलं तिनं?" मागून सात-आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. दादांच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं ते तिथंच थांबलं.

पुढे वर्तमानपत्रात परीक्षण छापून आलं. दादांवर तीन परिच्छेद होते, आणि शेवटी एक ओळ: 'कोपऱ्यात घड्या घालणाऱ्या बाईवरून मात्र नजर हटत नाही.' नाव नव्हतं. नसू दे. आमच्या ह्यांनी ती ओळ कापून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि चष्मा खिशात ठेवायला लागले.

बाराव्या प्रयोगाला एक गोष्ट घडली. त्या दिवशी कपडे नीट वाळले नव्हते. टॉवेल हाताला ओले लागले. ओल्याची घडी घालायची नाही, हा धुलाईखान्याचा कायदा. मी टॉवेल टोपलीच्या काठावर पसरले आणि आधी अभ्रे उचलले. तर काय, दादांनी बालपणाचा सगळा भाग गाळला आणि थेट आईच्या मरणावर गेले. विंगेत आमचे मास्तर बसतात, पुस्तक घेऊन शब्द पुरवायला. पूर्वी ते शाळेत होते म्हणून मास्तर. ते घाईघाईनं पानं उलटायला लागले. मला काही उमगलं नाही. मी अभ्रे संपवले आणि आता जरा सुकले असतील म्हणून टॉवेल घेतले, तर दादा वळून बालपणावर आले! आई मेली, आणि पुढच्या मिनिटाला तीच आई त्यांचे केस विंचरत होती. लोकांना वाटलं, आठवणींचा खेळ आहे. कुणीतरी त्याचं कौतुकही केलं.

प्रयोगानंतर मास्तर माझ्यापाशी आले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "त्याचं पाठांतर डोक्यात राहिलेलं नाही, मावशी. तुझ्या टोपलीत आहे. टॉवेल म्हणजे बालपण, अभ्रे म्हणजे आई, सदरा म्हणजे भांडण, आणि चादर म्हणजे घर सोडणं. तू घडी घालतेस, त्याला पुढचं सुचतं."

"त्यांना माहीत आहे?"

"छे! आपण कोपऱ्याकडे बघतो हेच त्याला माहीत नाही."

"मग तुम्ही शब्द द्या की."

"शब्द कानावर पडला की तो आणखी बिचकतो. दोनदा करून पाहिलं."

आम्ही दोघांनी ठरवलं, कुणाला बोलायचं नाही. साठी उलटली की आठवण दगा देते, त्यात हसण्यासारखं काही नाही. त्या दिवसापासून मी प्रयोगाआधी टोपली तीनदा तपासायला लागले. टॉवेल कोरडे आहेत का, क्रम बरोबर आहे का. दादांचा वेग कमी असला की मी हात सावकाश चालवायचे. त्यांना दम लागला की सदऱ्याची गुंडी उगाच पुन्हा लावायचे. हे मी कुणी सांगितलं म्हणून केलं नाही. नाटक आपलं आहे असं मला वाटायचं, म्हणून केलं.

आणि पंधराव्या प्रयोगानंतर दादा रंगपटात सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मावशी, तुम्ही माझा सीन खाताय."

"दादा, मी तोंडसुद्धा उघडत नाही. खाऊ कशानं?"

सगळे हसले. तिथंच माझं चुकलं म्हणा. मोठ्या माणसाचं चारचौघांत हसं झालं की त्याची किंमत छोट्या माणसाला मोजावी लागते.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर उपचार सुरू झाले. आधी मला प्रेक्षकांकडे पाठ करून बसवलं. त्यानं उलट झालं. बाई काय करते आहे ते दिसेना, म्हणून लोक माना उंचावून बघायला लागले, आणि खांद्यावरून चादर वर आली की आधीपेक्षा जास्त टाळ्या. मग माझ्यावरचा दिवा काढला. अंधारात पांढरं कापड किती उठून दिसतं, हे त्या दिग्दर्शकाला शाळेत शिकवलं नसावं. मग माझी वाक्यं काढली. दोन्ही 'बरं'सुद्धा. वाक्यं गेली तर गेली, हात होते.

मग एका सकाळी तालमीच्या खोलीत दिग्दर्शक माझ्याशेजारी येऊन बसला. खुर्ची उलटी करून, मला समजावायला आल्यासारखा.

"मावशी, एक विचारू? जरा वाईट करता येईल का?"

"काय वाईट?"

"म्हणजे घड्या. जरा चुकत, वाकड्यातिकड्या. चादरीचा सरळ बोळा करून टाका. तुमचं काम इतकं नेटकं होतं की लोकांचं लक्ष जातं."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. एकतीस वर्षांत मला लोकांनी हळू बोल सांगितलं, मागे सर सांगितलं, नायिकेपेक्षा साधं नेस सांगितलं. ते सगळं मी ऐकलं. पण वाईट कर असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

"बाळा," मी म्हटलं, "दादांना चांगलं करायला सांग की. माझ्याहून चांगलं केलं की लोक त्यांच्याकडे बघतील. मला वाईट येत नाही, आणि शिकायचं आता वय नाही."

तो उठला. संध्याकाळी निरोप आला: स्वगताच्या वेळी रंगमंच रिकामा राहील. मावशींनी आत बसावं.

बसले आत. पडदा वर गेला, दादा खुर्चीसमोर उभे राहिले आणि "बाबा" म्हणाले. मग पुन्हा "बाबा" म्हणाले. त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली, तिथं काही नव्हतं. मास्तरांनी विंगेतून शब्द दिला. दादा दचकले. त्यांनी शेवटचं वाक्य तेवढं कसंबसं म्हटलं आणि खुर्चीत बसून राहिले. अकरा मिनिटांचं स्वगत दीड मिनिटात संपलं. लोकांना वाटलं काहीतरी नवं आहे, मग वाटलं काहीतरी बिघडलं आहे. पुढच्या प्रयोगाला तेच. त्याच्या पुढच्याला मास्तरांचा धीर सुटला आणि त्यांनी दिग्दर्शकाला टोपलीचं सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता मला मानानं परत बोलावतील. मी भोळीच.

सकाळी दहाला बोलावलं. दिग्दर्शक होता, दादा खिडकीपाशी उभे राहून चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"मावशी, मार्ग निघाला आहे," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही विंगेत बसायचं. टोपली घेऊन. दादांना दिसाल, प्रेक्षकांना दिसणार नाही. घड्या अगदी पूर्वीसारख्या, नेटक्या घाला. आता वाईट नको."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं माझं झालं होतं त्यांना.

"दादा, हे तुम्हाला हवंय का?" मी खिडकीकडे बघून विचारलं.

"दिग्दर्शक म्हणेल तसं," दादा म्हणाले. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं. मी दिग्दर्शकाला विचारलं, "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मग..." त्यानं वहीत बघितलं. "तसं तुमचं काम आता नाटकात उरलेलंच नाही, मावशी. वाक्यंही नाहीत. मला दुसऱ्या कुणाला तरी शिकवून बसवावं लागेल."

म्हणजे विंगेत बसले तर मी कंपनीत, नाहीतर घरी. आणि या वयात मला दुसरी कंपनी उभं करणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "बरं." ते वाक्य काढून टाकलेलं होतं, पण तोंडात राहिलं होतं.

घरी आले तर हे जेवणाच्या टेबलावर कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. सगळं आयुष्य टाइपरायटर दुरुस्त करण्यात गेलं, ते बंद पडले तेव्हापासून शेजाऱ्यांचे मिक्सर. मी सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रू वाटीत ठेवला.

"काम तेच आहे ना? घड्याच घालायच्या. मग दिसलीस काय, न दिसलीस काय?"

"असं तुम्ही म्हणता?"

"मी विचारतो. दिसण्याचं एवढं काय आहे या वयात?"

माझा पारा चढला. "तुम्ही चार वेळा आलात नाटकाला. पहिल्या रांगेत बसलात. कुणाकडे बघत होतात?"

"तुझ्याकडे."

"आणि दादा काय बोलतात?"

हे जरा ओशाळले. "खरं सांगू? तो काय बोलतो ते मला अजून माहीत नाही. बापाबद्दल काहीतरी आहे ना?"

मी हसले आणि मग मला रडू आलं. हे उठले, हात ग्रीसनं माखलेले म्हणून लांबच उभे राहिले. म्हणाले, "मग विंगेत नको बसूस. मला कुणाकडे बघायचं ते कळणार नाही."

"काढतील मला."

"काढू दे. दोघं मिक्सर उघडू."

दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. सभागृह भरलेलं, हे पहिल्या रांगेत. मी विंगेत, स्टुलावर, पुढ्यात टोपली. टॉवेल कोरडे होते, क्रम बरोबर होता. सवयीनं तीनदा बघितलं होतं. मास्तर शेजारी पुस्तक घेऊन. दिग्दर्शक माझ्या मागे उभा, पहारेकऱ्यासारखा.

दादा खुर्चीसमोर आले. "बाबा," म्हणाले. आणि त्यांनी विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. या वेळी नकळत नाही, चांगलं उघड्या डोळ्यांनी. टॉवेल उचलायची वाट बघत होते.

मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू? म्हातारा माणूस, सहाशे लोकांपुढे उघडा पडलेला. पण ते ज्या नजरेनं बघत होते ती नजर मला माहीत होती. घरातला नळ सोडायला सांगताना मालक अशा नजरेनं बघतो. दयेच्या उरावर राग बसला. माझ्याशिवाय यांना बोलता येत नाही, आणि मी आहे हे कुणाला कळूही द्यायचं नाही? मी उठले, टोपली कमरेवर घेतली, दुसऱ्या हातात स्टूल.

"मावशी, काय करताय?" दिग्दर्शक कुजबुजला. त्यानं माझा पदर धरला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. सोडला त्यानं.

मी रंगमंचावर गेले. कोपऱ्यात नाही. खुर्चीच्या शेजारी, पुऱ्या उजेडात स्टूल ठेवलं आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसले. दादांना झाकलं नाही, त्यांच्या पुढे गेले नाही. शेजारी बसले. टोपली पायांशी ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर.

बसून राहिले.

दादांच्या चेहऱ्यावर घाम दिसायला लागला. त्यांनी माझ्याकडे वाकून ओठ न हलवता म्हटलं, "मावशी, सुरू करा."

मी हात हलवले नाहीत.

"मावशी. हात जोडतो. सुरू करा."

मी मान वर केली आणि खणखणीत आवाजात, मोलकरणीनं मालकाशी बोलावं तशी बोलले, "मोठ्यानं सांगा की, मालक. पुटपुटता काय? मागच्या रांगेलाही ऐकू जाऊ दे."

सभागृहात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. विंगेत मास्तरांनी पुस्तक मिटलं. हे काही पुस्तकात नव्हतं. दादा सरळ उभे राहिले. रागानं लाल झाले होते. मला वाटलं, आता हा माणूस मला सर्वांदेखत हाकलून देणार, आणि दिलं असतं तर मी टोपली तिथंच ठेवून खाली उतरून ह्यांच्या शेजारी जाऊन बसणार होते. तेवढी तयारी होती. पण मी म्हटलं ना, माणूस नट म्हणून मोठा. तो राग त्यांनी गिळला, छाती भरून श्वास घेतला आणि त्यांच्या त्या आवाजात, जो ऐकायला लोक लांबून यायचे, माझ्याकडे बघत ते म्हणाले,

"तू घड्या घाल. तुझे हात चालायला लागले की मला बोलता येतं. नाहीतर येत नाही."

सहाशे लोकांनी ऐकलं. त्यांना ते नाटकातलंच वाटलं असेल. वाटू दे. आम्हा दोघांना माहीत होतं, आणि विंगेत डोकं धरून उभ्या असलेल्या त्या पोरालाही.

मी पहिला टॉवेल उचलला, झटकला, काठाला काठ जुळवला. "बाबा," दादा म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा तुमचे हात मला फार मोठे वाटायचे," आणि मग ते अडखळले नाहीत, पुढची अकरा मिनिटं एकदाही नाही. इतकं चांगलं त्यांनी ते स्वगत कधी केलं नव्हतं. त्या वेळात लोक त्यांच्याकडे बघत होते की माझ्याकडे, हे मला नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. मी पाहिलं नाही. मला काम होतं.